दाजींच्या वाटची साखर

दाजी : लिहून ठेवा डॉक्टर. उद्या खाडीचं पानी गोडं झालं तरी दाजी भोईराच्या जिभेला साखर लागायची नाय. आख्ख्या तालुक्याला कळू द्या. शब्द म्हंजे शब्द.

डॉक्टर : कळवतो. आधी मिशीला काय चिकटलंय ते पुसा.

दाजी : ते मीठ हाय. मिठागरावरून सरळ इकडंच आलो.

डॉक्टर : मिठावर मुंगी चढलेली मी आज पहिल्यांदाच पाहतोय.

भामा : बुंदी हाय ती. येताना काळूरामाच्या दारात थांबले. त्याच्या नातवाचं बारसं झालं ना.

दाजी : एक कळी होती. एका कळीला कोन लाडू म्हनतो?

भामा : लाडू कळ्यांचाच वळतात.

(साल एकोणीसशे छप्पन्न, महिना चैत्राचा. पनवेलच्या बाजारपेठेतला डॉक्टर राफेल आपटेकरांचा दवाखाना. दाजी भोईर हे खाडीकाठच्या एका गावचे पंच आणि मिठागराचे मालक. न्यायनिवाडा करताना बसतात तसेच ताठ बसले आहेत, फक्त उजवा पाय डॉक्टरांच्या समोर स्टुलावर आहे आणि अंगठ्याला पट्टी आहे. शेजारी त्यांची बायको भामाबाई. टेबलावर स्पिरिटचा दिवा पेटलेला. दाजींना पायाची काळजी नाही असं नाही. पण सध्या त्यांचं सगळं लक्ष दिव्याकडे आहे, आणि आपलं लक्ष तिकडे नाही असं दाखवण्यातच ते दमून गेले आहेत.)

डॉक्टर : बाटली आणलीत?

दाजी : ही घ्या. उपरण्यात गुंडाळलीय. असू द्या तशीच, बाटलीचं काय बघायचंय.

डॉक्टर : खरं आहे. भामाबाई, बघा हं. या नळीत हे निळं औषध. त्यात यांच्या बाटलीतले थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळंच राहिलं, तर लघवीत साखर नाही. हिरवं झालं, तर थोडी. पिवळं, म्हणजे जास्त. आणि भाजलेल्या विटेसारखं लाल झालं...

दाजी : लाल कशाला होतंय. निळंच राहनार. आपन पैज लावू.

डॉक्टर : तुम्हाला एवढी खात्री मी मागच्या खेपेला पाहिली नव्हती. मागच्या खेपेला तुम्ही बाटली लपवून ठेवली होती.

दाजी : तवा मन कच्चं होतं.

डॉक्टर : तेव्हा अंगठाही काळा होता. चिंबोरीनं, त्या खेकड्यानं, नांगीत धरलं तेव्हा दुखलं नाही, असं तुम्हीच म्हणालात ना?

भामा : दुखायचं जाऊ द्या, कळलंच नाय. जगन म्हनून गडी हाय आमचा, तो वाफ्यावरून वरडला, दाजी, पायाला चिंबोरी लटकलीय. ह्ये खाली बघून म्हनतात, कोनाच्या?

डॉक्टर : तेच सांगतोय. जास्तीची साखर आधी पायाची जाणीव नेते, मग जखम भरू देत नाही, मग डोळ्यांवर जाते. जिभेला तेवढी गोड लागते, बाकी देहाला नाही. आता हे बघा.

दाजी : काय?

डॉक्टर : तुम्हीच बघा.

दाजी : ...दिवा बिघडलाय तुमचा.

भामा : अगं बाई. वीटच ही.

डॉक्टर : दाजी, मी तुमच्याशी गोड बोलणार नाही, ते तुम्हाला वर्ज्य आहे. एवढी साखर असेल, तर या अंगठ्याचा मी भरवसा देत नाही. उद्या सकाळी मुंबईला जायचं. मोठ्या इस्पितळात दाखवू. कापायचा म्हणाले, तर कापायचा.

दाजी : रविवारी जनीचा साखरपुडा हाय.

डॉक्टर : माहीत आहे. नातीचा साखरपुडा तुमच्याशिवाय होईल. पाय गेला, तर पुढचं सगळंच तुमच्याशिवाय होईल.

दाजी : तुमी परत उकळा. असं होनारच नाय.

डॉक्टर : का होणार नाही?

दाजी : नाय होनार म्हंजे नाय.

डॉक्टर : नवं औषध आहे, मी कालच तयार केलंय. चूक असलीच, तर या बाटलीची. रॉकेलचा वास मारतोय, पण रॉकेलनं काही लाल होत नाही.

भामा : रॉकेलचा? मग ती माझी हाय.

डॉक्टर : बाटली तुमच्या घरचीच असणार.

भामा : बाटली नाय डॉक्टर, आतलं. मीच सकाळी भरून दिली. ह्ये म्हनले, सरकारी तपासनी चाललीय, घरातल्या बायांची बाटली आपटेकरांकडं पोचवायची हाय. म्हटलं, सरकारला आपली कशाला लागतेय. पन द्यायचं ते दिलं. तुमची कुठंय हो?

डॉक्टर : दाजी?

दाजी : ...रातच्याला तुळशीरामाकडं गेलतो, रोडपालीला. जनीचा होनारा सासरा. त्यानं पुरनपोळी वाढली. व्याही हाय, नाय कसं म्हनू? मग म्हटलं, आता लाल निघंल, तुमी मुंबईला धाडाल, जनीच्या साखरपुड्याला मी नसन. हिची बाटली दिली. ही धडधाकट. हिला कधी साधं पडसं नाय. हिची निळी निघनार, हे मला ठाव होतं.

डॉक्टर : हिची निळी निघाली नाही.

दाजी : नाय.

डॉक्टर : त्या पडद्याआड जा. ही कोरी नळी घ्या. आणि या वेळी स्वतःची भरा.

दाजी : जातो. पन हिला काय विचाराल, ते मोठ्यानं विचारा.

डॉक्टर : भामाबाई, तहान फार लागते का?

भामा : उन्हाळा हाय. माठ माझाच संपतो, सुना म्हनतात. रातीला उठावं लागतं. कधी कधी डोळ्यांपुढं धुरकट होतं, पन चुलीपुढं बसतो ना आमी.

डॉक्टर : आणि साखर?

भामा : मी कुठली खाते? रेशनच्या वख्ताला सवय मोडली ती मोडली. मी फकस्त यांच्या वाटची खाते.

डॉक्टर : यांच्या वाटची म्हणजे?

भामा : तुमी यांना साखर बंद केलीत ना, पौषात. त्याच आठवड्याला दोघा भावांचा तंटा आला, खाऱ्या बांधावरून. यांनी मिटवला. आमच्याकडं तंटा मिटला की पंचाच्या हातावर साखर ठेवतात, पंचानं खाल्ली की मिटला. यांनी हात मागं घेतला. झालं. धाकटा म्हनला, दाजी मनापासून बोलले नाय. थोरला म्हनला, म्हंजे तुझ्या बाजूनं बोलले. परत काठ्या निघाल्या.

डॉक्टर : मग?

भामा : मग मी हात पुढं केला. म्हटलं, यांचा उपास हाय, यांच्या वतीनं माझ्या हातावर ठेवा. दोघांनी काठ्या खाली टाकल्या. तवापासून तसंच चाललंय. कोनाला पोरगा झाला, कोनाची नवी होडी पान्यात उतरली, कोनी मास्तर झाला, पेढा घेऊन यायचे ते आमच्याच दारी. नाय म्हटलं, तर मान गेला. होय म्हटलं, तर यांचा पाय गेला. मग मी खाते. मूठ मूठ साखर देतात हो, गावचे लोक मनाचे मोठे. सोनाबाईची सून तर शिऱ्याचं ताटच आनते.

डॉक्टर : दाजींना माहीत होतं?

दाजी : ऐकतोय मी. मला वाटायचं, ही पदराला बांधून पोरांना वाटते.

भामा : पोरांना दिली असती, तर गावाला दिसली असती. मग म्हनले असते, भोईरांनी आमची साखर पोरांवारी घालवली.

दाजी : ही घ्या नळी. कोमट हाय, म्हंजे खरी हाय.

डॉक्टर : बसा. पाय वर घ्या... उकळतंय... हं.

दाजी : मला सांगू नका. हिला सांगा.

डॉक्टर : भामाबाई, काय रंग दिसतो?

भामा : हिरवा. फिक्का हिरवा, भाताच्या रोपासारखा.

डॉक्टर : पुरणपोळी खाऊनसुद्धा. आता पट्टी सोडतो. बघा, कडेनं लाल मांस धरायला लागलंय. अंगठा राहणार, दाजी. मुंबई रद्द. यात माझ्या औषधाचा वाटा थोडाच आहे. तुमच्या तोंडात जायची ती साखर दुसऱ्या तोंडात गेली, म्हणून वाचलात.

दाजी : आनि ते दुसरं तोंड?

डॉक्टर : यांचं वेळेवर कळलं. पाय पुढे करा बघू, भामाबाई... जखम नाही, टोचलेलं कळतंय. साखर बंद, भात आवरायचा, दर आठवड्याला इथं यायचं. लागलीच तर सुई. तुम्ही लबाडी केली नसती, तर यांची बाटली मी कधी उकळली नसती, आणि हे वर्षभरानं कळलं असतं.

भामा : म्हंजे यांनी चांगलंच केलं म्हना की.

डॉक्टर : तसं मी कुठं म्हणणार नाही. बाहेर कळलं, तर सगळे शेजाऱ्याची बाटली आणतील.

दाजी : डॉक्टर, हिचा पाय तर जानार नाय ना?

डॉक्टर : ऐकलं तर नाही.

दाजी : मग रविवारी मी तुळशीरामाला भर मांडवात सांगतो. मला मधुमेह हाय, हिलाबी हाय. साखरेला दोघं हात लावू, खानार नाय. ज्याला मान गेला वाटंल, त्यानं माझ्याकडं यावं, मी तंटा मिटवीन. फुकट मिटवीन.

भामा : इतके दिवस स्वतःच्या पायासाठी सांगवलं नाय यांना.

दाजी : पाय माझा होता. माझ्या पायाचं मी बघन.

डॉक्टर : बरं. पण हात लावून साखर ताटात उरली, तर कोणीतरी खायला हवीच ना?

दाजी : तुमी खा. तुमी घरचेच. चहात तीन चमचे घेता, सगळ्या पेठेला ठाव हाय.

डॉक्टर : बायकोला, लीयाला, ठाऊक नाही. तिला दीड सांगितलेत.

दाजी : मग एक बाटली तुमचीबी उकळा. आमी थांबतो, आमाला घाई नाय.

डॉक्टर : मी... बघू. रविवारी येतो मी. साखरेचं तेव्हा बघू. तुम्ही दोघं या आता. भामाबाई, काही विचारायचं राहिलं?

भामा : एकच. ती बाटली तेवढी रिकामी करून द्या. बाजारातून रॉकेल न्यायचंय, घरात दुसरी नाय.