अर्जातला दुसरा परिच्छेद

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. ज्योती, तुला आणि तुझ्या घरच्यांना आधी.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हणालो होतो. गावकरी मंडळाचा चिटणीस म्हणून ह्या लालबागच्या खोलीत मी कितीतरी शोकसभा घेतल्या. माणूस गेला की काय बोलायचं ते पाठ आहे. मनमिळाऊ होते, पोकळी भरून निघणार नाही, ईश्वर आत्म्यास शांती देवो. शालनबाईंसाठी हे तोंडातून निघत नाही. पण येताना जिन्यापाशी तो फ्लेक्स बघितला आणि ठरवलं, बोलायचंच.

फ्लेक्स कोणी लावला ते मी विचारत नाही. बाईंचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा. त्याच्याखाली आपण अकरा जण, कोटबिट घालून. वर लिहिलंय 'आरोग्यदेवता'. शोकाकुल म्हणून माझंही नाव टाकलंय. मला किळस आली, मंडळी. शब्द कडक आहे, पण दुसरा सापडत नाही.

ज्योती, तू चिंचपोकळीत वाढलीस. तुझ्या मावशीची नोकरी तू जवळून पाहिली नसशील, म्हणून सांगतो. आम्ही कोकणातून इथे गिरण्यांत पोट भरायला आलो. आणि तुझी मावशी, परळच्या गिरणी कामगाराची मुलगी, उलट वाटेने आमच्या गावात गेली. उपकेंद्रात नर्स म्हणून. दोन खोल्यांचं उपकेंद्र, एक टेबल, एक कपाट. तालुका एसटीने दीड तास. ती एसटी आली तर.

तिथे बाई एकट्या नव्हत्या, हे नीट ऐका. वाडीवाडीत आशाताई होत्या. कोणाचं पोट दुखतंय, कोणाला दिवस गेलेत, कोणी प्रेशरची गोळी बंद केली, हे आशाताई बाईंना सांगायच्या. बाई घरी जायच्या. आपल्याने होण्यासारखं असेल ते करायच्या. नसेल तर तालुक्याच्या डॉक्टरांना फोन, आणि पेशंट रिक्षात. असं चाललं होतं. साधं होतं, पण चाललं होतं.

आमची मे महिन्याची सुट्टी आणि गणपती, एवढंच आमचं गाव. पण चाकरमानी गावात उतरला की त्याला सगळं कळतं. आम्ही उपकेंद्र बघितलं आणि म्हणालो, हे काय, डॉक्टर नाही? शेजारच्या गावाला डॉक्टर आहे, आपल्याला का नाही? मागणी चुकीची होती का? अजिबात नाही. डॉक्टर हवाच होता. बाईसुद्धा तेच म्हणायच्या. माझ्या एकटीच्या जिवावर किती दिवस, चिटणीस, एक डॉक्टर मिळाला तर बघा ना, असं त्यांनी स्वतः मला सांगितलं होतं.

मग आम्ही अर्ज लिहायला बसलो. ह्याच खोलीत, ह्याच सतरंजीवर. पहिला परिच्छेद मागणीचा. तो झाला. आणि मग आपल्यातला एक शहाणा म्हणाला की नुसत्या मागणीला सरकार विचारत नाही, अर्जात तक्रार लागते. साहेब घाबरला पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या. आपण मुंबईकर ना, आपल्याला सरकार कसं हलतं ते कळतं. म्हणून दुसरा परिच्छेद लिहिला. तो मला अजून पाठ आहे. 'सदर सेविका आपल्या अधिकाराबाहेर जाऊन रुग्णांवर मनमानी उपचार करतात, त्यामुळे ग्रामस्थांच्या जिवास धोका निर्माण झाला आहे.'

खोटं होतं. लिहिणाऱ्याला माहीत होतं, सही करणाऱ्यांना माहीत होतं. कोणी म्हणालं, अरे बाईंना त्रास होईल. तर उत्तर काय? हे फक्त कागदावर, बाईंना कुठे कळणार आहे. मग चहा आला.

आणखी एक बोलतो, मग वाईट वाटलं तर वाटू दे. त्या जागी आपल्या भावकीतली मुलगी नर्स असती, तर तो परिच्छेद लिहिला असता? बाईंच्या हातात आपली पोरं जन्मली, पण बाईंच्या घरचा चहा किती जणांना चालायचा? सही करताना हात आखडले नाहीत, कारण त्या आपल्या नव्हत्या. सगळ्यांना माहीत आहे. आज फ्लेक्सवर देवता झाल्या.

अर्ज चालला. आपला पहिला अर्ज असेल जो चालला. बाईंची चौकशी लागली. चौकशीत काही निघालं नाही, निघणार काय? तरी बदली केली तालुक्याला, तिथे नर्सची जागा रिकामी होती. आणि आठवड्यातून दोन दिवस एक डॉक्टर आपल्या गावात बसवला. बाईंच्या जागी कोणी आलं नाही. आपण इथे पेढे वाटले. आठवतंय ना? मी वाटले.

डॉक्टर वाईट नव्हता. पोरगा हुशार होता, मनापासून काम करायचा. केसपेपर तोच लिहायचा, इंजेक्शन तोच द्यायचा, गोळ्या तोच मोजायचा, कपाटाची चावी शोधायलाही तोच. दुपारपर्यंत मोजकी माणसं बघून व्हायची आणि बाकीची उन्हातून परत. बायका तर त्याला अर्धं दुखणं सांगायच्याच नाहीत. आशाताई निरोप घेऊन यायच्या आणि कुलूप बघून जायच्या. आम्ही त्याला फोन करून झापलं, गावात येऊन करतोस काय म्हणून. तो शांतपणे म्हणाला, "काका, मी तपासतो, मी लिहून देतो. पण गोळी पोटात गेली का, ते बघायला घरी कोण जाणार?"

ह्याचं उत्तर जिच्याकडे होतं, त्या बाईला आपण हाकलून दिलं होतं.

मग काय झालं ते ह्या खोलीने बघितलंय. पूर्वी इथे गावचे कामगार राहायचे, आता पेशंट राहतात. परळच्या हॉस्पिटलात नंबर लागेपर्यंत गावची माणसं इथेच अंथरूण टाकतात. आधी वर्षातून एखादा यायचा. नंतर एक जातोय तोवर दुसरा. कोणाची प्रेशरची गोळी महिनोन् महिने बंद, मग अर्धं अंग गेलेलं. कोणाच्या सातव्या महिन्यात पायाला सूज, ती कोणी बघितलीच नाही. हे रोग नवे नव्हते. बाई असताना हे गावातच अडायचे.

माझी वहिनी आली. सुमनवहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. साखरेची पेशंट. बाई असताना दर पंधरा दिवसांनी तिच्या घरी जायच्या, पाय मांडीवर घेऊन बोटांच्या मधली जागा बघायच्या. वहिनीला लाज वाटायची, पाय कशाला हातात घेतेस म्हणायची. बाई गेल्यावर तिचे पाय कोणी बघितले नाहीत. काट्याची जखम झाली. तिला दुखलंच नाही, म्हणून लवकर कळलं नाही. डॉक्टरच्या रांगेत ती जखम दाखवायला कोण बसणार? इथे आणली तेव्हा घोट्यापर्यंत काळं झालं होतं. परळला पाय कापला, गुडघ्याखाली.

आणि तेव्हा कोण आलं, ज्योती? तुझी मावशी आली. रिटायर होऊन तुझ्याकडे राहायला आली होती. कोणीतरी सांगितलं, सुमन लालबागला आहे. दुसऱ्या दिवसापासून चिंचपोकळीहून चालत यायच्या, रोज, ड्रेसिंग करायला. ह्या भिंतीशी वहिनी झोपायची. पहिल्या दिवशी वहिनी रडत म्हणाली, "बाय, तू गावात असतंस तर माझो पाय ऱ्हवलो असतो." बाई पट्टी बांधत राहिल्या.

मी जिन्यापर्यंत सोडायला गेलो. मला वाटत होतं, त्यांना त्या अर्जाचं माहीत नसेल. वाटत होतं म्हणजे, मी तसं धरून चाललो होतो, सोयीचं होतं. मी म्हटलं, बाई, तुमचे उपकार कसे फेडू. त्या चपला घालता घालता म्हणाल्या, "चिटणीस, चौकशीत तो अर्ज माझ्यासमोर ठेवला होता. सगळ्या सह्या मी वाचल्या. डॉक्टर मागितलात ते बरोबरच केलंत. मला काढून कशाला मागितलात? आम्ही दोघं मिळून केलं असतं की."

एवढंच. पुन्हा कधी विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर ड्रेसिंगला हजर.

त्या सह्यांत दोन सह्या अशांच्या आहेत, ज्यांची नाळ बाईंनी कापली होती. दोघंही आत्ता इथे बसलेत. नावं घेत नाही. पहिली सही माझी आहे. दुसरा परिच्छेदही माझ्या अक्षरात आहे. मघाशी 'एक शहाणा' म्हणालो ना, तो मीच. बोलता बोलता दुसऱ्यावर ढकललं, बघा, सवय जात नाही.

आता आजच्या सभेपुढे ठराव आहे म्हणे, उपकेंद्राला बाईंचं नाव द्यायचं. संगमरवरी पाटी बसवायची. माझा विरोध लिहून घ्या. त्या उपकेंद्रात आजही नर्स नाही. रिकाम्या खोलीला त्यांचं नाव देऊन आपण पुन्हा पेढे खाणार का? मी नवा अर्ज लिहिलाय. पहिल्याच ओळीत लिहिलंय की आमची जुनी तक्रार खोटी होती. मग मागणी. डॉक्टर राहू दे, नर्स द्या, दोघंही द्या, आणि आशाताईंना विचारून द्या. खोटी तक्रार केली म्हणून आपल्यावर काही आलं तर येऊ दे. ज्याला सही करायची त्याने करा. नाही केली तर मी एकट्याच्या सहीने पाठवतो.

आता दोन मिनिटं शांत राहू. दर वेळी आपण सगळे उभे राहतो. आज तसं नको. आज फक्त ज्यांनी त्या अर्जावर सही केली होती, त्यांनी उभं राहायचं. बाकीच्यांनी बसून राहा. ज्योती, तूही बस, आणि मान खाली घालू नकोस. आमची तोंडं एकदा नीट बघून घे. तुझ्या मावशीने नुसत्या सह्या बघितल्या होत्या.

मी उभाच आहे. बाकीच्यांनी उठा.