पियुषच्या नावाचं पान

(धुळे, देवपूर. वेबसाइट बनवायला शिकवणाऱ्या क्लासची खोली. दुपारची बॅच सुटली आहे. शिकवणारी वृषाली आणि जळगावचा आपला छापखाना सोडून धुळ्यात लेकीकडे आलेले रतिलाल, दोघंच मागे राहिले आहेत.)

वृषाली : पुसायचं म्हणजे? सगळंच, नाना?

रतिलाल : सगळं. मुळासकट. माझ्या लॅपटॉपवरून तर घरी बसून काढलं असतं, एक बटण दाबायचं काम. पण तिकडे जगात जे दिसतंय ते कसं काढतात ते मला येत नाही. तेवढं शिकवा. उद्या आखाजी आहे, मॅडम, अक्षय तृतीया. गेलेल्या बायकोच्या, कुंदाच्या नावाची पहिली घागर पुजायची घरात. त्याच्या आत ते पान निघालं पाहिजे.

वृषाली : थांबा, थांबा. तुमची वेबसाइट आहे? आणि मला बोलला नाहीत! डिंपलताई तुम्हाला इथे घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, आई गेल्यापासून बाबा गप्प बसून असतात, जरा मन रमवा त्यांचं. आणि मी तुम्हाला पहिल्या दिवसापासून टॅग म्हणजे काय ते समजावत बसले!

रतिलाल : बरंच केलं. माझं सगळं जुनं निघालं. मजकूर मधोमध आणायचा तर सेंटर, चौकट करायची तर टेबल. व्हिडिओ बघून बघून शिकलेलो. तुम्ही म्हणालात ना, मजकूर एका फायलीत, सजावट दुसऱ्या फायलीत, तेव्हा घरी जाऊन कपाळावर हात मारला मी. जन्म गेला लग्नपत्रिका जुळवण्यात, आणि एवढी अक्कल नव्हती.

वृषाली : अहो, सगळे असेच सुरू करतात. दाखवा तरी. पुसण्याआधी मला बघू तर द्या.

रतिलाल : बघा. हसू नका.

वृषाली : उघडा ना. हां... वा, नाना! हे तुम्ही केलंय? अक्षरं किती छान बसवलीत. दोन ओळींमध्ये जागा कशी सोडलीये बघा. माझ्या बॅचमधल्या पोरांना सांगून सांगून माझा घसा बसतो. हा फोटो कुणाचा?

रतिलाल : तीच. कुंदा. ओट्यावर गहू निवडत होती, तेव्हा काढलेला. वाचा ना पुढे.

वृषाली : "पियुष, घर ये. तुले कोणी काही बोलाव नही. तुनी माय वाट दखी राह्यनी." म्हणजे आई वाट बघतेय. पियुष कोण?

रतिलाल : धाकटा माझा. डिंपलच्या पाठचा. तिने सांगितलं नसेल. आमच्याकडे त्याचं नाव निघत नाही आता.

वृषाली : एक भाऊ जळगावला असतात एवढंच ठाऊक होतं मला. तेजसभाऊ.

रतिलाल : तो मोठा. प्रेस तोच बघतो. पियुष हे तुमचंच शिकलेला, वेबसाइटी बनवायचं. तो म्हणे, आता पत्रिका मोबाईलवर जातात, प्रेस बंद करा, आपण हे काम धरू. तेजस म्हणे, बापाच्या जिवावर खातो आणि बापाच्या धंद्याला नावं ठेवतो. दोघं असे भिडले की कॉलर फाटली एकाची. पियुषने मोबाईलमधलं कार्ड काढलं, मोडलं, दारात टाकलं आणि निघून गेला. फेसबुक-बिसबुक सगळं बंद करून टाकलं. कुणी म्हणे इंदूरला आहे, कुणी म्हणे पुण्याला. पोलीस म्हणाले, मुलगा सज्ञान आहे, आपल्या मर्जीने गेलाय, आम्ही काय करणार?

वृषाली : आणि मग तुम्ही हे पान केलंत.

रतिलाल : मी कसला करतो! कुंदाने करायला लावलं. तिला पोटाचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा मला म्हणाली, पोऱ्याचा सगळा जीव त्या वेबसाइटींत, तर तिथेच हाक मारा त्याले. मी म्हटलं, बाई, मला काय येतंय त्यातलं? तर म्हणे, बठ्ठा, सगळ्या गावाच्या पत्रिका जुळवल्या, पोराला एक चिठ्ठी नाही जुळवता येत? मग बसलो. ती खाटेवर, मी बाजूला लॅपटॉप घेऊन. त्याचं पूर्ण नाव मोठं केलं, खाली गावाचं नाव. म्हटलं, कधी ना कधी स्वतःचं नाव शोधून बघेलच.

वृषाली : तेजसभाऊंना माहीत होतं?

रतिलाल : छे! कुणालाच नाही. डिंपललाही नाही. तेजसला कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. आम्हा दोघांतच होतं ते.

वृषाली : मग आता पुसता कशाला, नाना? राहू द्या ना. एखाद दिवशी...

रतिलाल : एखाद दिवशी काय? त्याने बघितलंय!

वृषाली : कशावरून?

रतिलाल : हा खालचा आकडा बघा. पान उघडलं की एक वाढतो. व्हिडिओतून उतरवून घेतला होता. रोज वाढायचा, मॅडम! कुंदा सकाळी उठली की आधी तो विचारायची. औषध नंतर. वाढलाय म्हटलं की तोंड फुलायचं तिचं. म्हणायची, पोऱ्या येई जास, दखी जास, बोलत नही फक्त. राग शे त्याले. उतरी जाई.

वृषाली : नाना... तुम्ही किती वेळा उघडायचात हे?

रतिलाल : मी? सकाळी तिच्यासाठी. दुपारी ती पुन्हा बघायला लावायची. रात्री एकदा. का?

वृषाली : काही नाही. सहज.

रतिलाल : ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शेवटची ओळ टाकली. ती बघा, फोटोखाली. "तुनी माय गई. दहावाले तरी ये." लिहिताना दोनदा चुकलो. दहाव्याला नाशिकला गोदाकाठी गेलो आम्ही. पिंड ठेवलं. कावळा शिवेना. सगळे एकमेकांकडे बघतायत, आणि मी रस्त्याकडे. रिक्षा आली की माझी मान तिकडे. शेवटी तेजसने दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. घरी येऊन लॅपटॉप उघडला, तर आकडा वाढलेला. म्हणजे वाचलं त्याने! माय मेल्याचं वाचलं आणि आला नाही. मी त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, मला एकच मुलगा. आणि उद्या त्या बाईची घागर पुजताना हे पान जगात तसंच टांगलेलं ठेवू? ती मेली तरी त्याच्या विनवण्या करत बसलेली? नाही. पुसा ते.

वृषाली : तुमच्या मोबाईलवर उघडून बघितलंय कधी?

रतिलाल : माझा हा बटणांचा डबा. याच्यावर काय दिसतं! नाही म्हणायला तीही शंका होती मला. म्हटलं, मोबाईलवर नीट बसत नसेल, बारीक दिसत असेल, म्हणून त्याने शेवटची ओळ वाचली नसेल. तुम्ही परवा शिकवलंत ना, स्क्रीन लहान झाली की मजकूर आपोआप खाली-खाली कसा लावायचा. ते सगळं करून बघितलं मी रात्री. काल मनात आलं, किती दिवस त्याची बाजू घेशील, रतिलाल? पुरे.

वृषाली : मला पत्ता सांगा. वरच्या पट्टीत काय लिहिलंय? माझ्या मोबाईलवर टाकते.

रतिलाल : लिहा. आधी फाइल असं आहे. मग मोठा सी. दोन टिंबं. तिरपी रेघ. युजर्स. तिरपी रेघ, माझं नाव. तिरपी रेघ, डेस्कटॉप. तिरपी रेघ, पियुष डॉट एचटीएमएल. उघडलं?

वृषाली : सी... युजर्स... डेस्कटॉप... एक मिनिट, पुन्हा टाकून बघते.

रतिलाल : मॅडम? उघडलं का? बारीक दिसतंय?

वृषाली : नाही, नाना.

रतिलाल : नेट स्लो असेल.

वृषाली : नेट चांगलं आहे. नाना, खुर्ची इकडे ओढा. बसा जरा. पाणी देऊ?

रतिलाल : पाणी नको. काय झालं ते सांगा.

वृषाली : हे पान तुम्ही केलं, सेव्ह केलं. मग ते कुठे पाठवलं होतं का? कुणाच्या सर्व्हरवर? म्हणजे, कुठे जागा घेतली होती का त्यासाठी? नाव नोंदवलं होतं का?

रतिलाल : जागा? कसली जागा? सेव्ह केलं, क्रोमवर उघडलं. तुम्हीही क्लासमध्ये तसंच उघडता. क्रोम म्हणजे इंटरनेटच ना?

वृषाली : क्रोम इंटरनेट दाखवतं, नाना. पण आपल्या घरातली फाइलही दाखवतं. क्लासमध्ये आपण घरातलीच बघतो. ती जगाला दिसायला वर चढवावी लागते. तो भाग शेवटच्या आठवड्यात आहे. अजून शिकवलेला नाही मी.

रतिलाल : मला कळत नाही तुम्ही काय म्हणता ते.

वृषाली : तुम्ही पत्रिका जुळवली, प्रूफ काढलं, बरोबर? पण छापली नाही. वाटली नाही. प्रूफ तुमच्या टेबलावरच राहिलं. हा पत्ता तुमच्या या लॅपटॉपच्या आतला आहे. डेस्कटॉपचा.

रतिलाल : मग आकडा?

वृषाली : तो याच लॅपटॉपवर मोजतो. इथे पान उघडलं की वाढतो.

रतिलाल : पण मी उघडायचो तेव्हा आधीच वाढलेला असायचा!

वृषाली : उघडताना वाढायचा, नाना. तुम्ही उघडलंत म्हणून.

रतिलाल : म्हणजे सकाळी... ती विचारायची तेव्हा...

वृषाली : तुम्हीच.

रतिलाल : आणि दहाव्याला?

वृषाली : तेही तुम्हीच. दुसरं कुणी उघडूच शकत नव्हतं ते.

रतिलाल : कुणीच नाही? एकदाही नाही?

वृषाली : एकदाही नाही.

रतिलाल : अरे देवा. अरे देवा रे! मी तिला रोज सांगायचो, आला होता म्हणून. रोज! ती हसून औषध घ्यायची. मी त्या आजारी बाईला थापा मारत होतो, बेटा!

वृषाली : थापा नव्हत्या. तुम्हालाही खरंच वाटत होतं ते.

रतिलाल : डिंपलला विचारलं असतं तर तिने एका मिनिटात सांगितलं असतं. तुमच्याकडे तेव्हा आलो असतो तर! इथून जळगाव ते कितीसं लांब? माय जिवंत असताना पोरगा घरी आला असता. माझ्या अडाणीपणापायी ती तशीच गेली.

वृषाली : आला असता की नाही ते कुणाला ठाऊक, नाना? असं नका बोलू.

रतिलाल : आला असता. मायवर फार जीव त्याचा. तिच्या हातची कळण्याची भाकर आणि भरीत म्हणजे... जाऊ द्या. आला असता तो.

वृषाली : एक मात्र झालं. त्याने वाचून पाठ फिरवलेली नाही. त्याला हाक गेलीच नव्हती.

रतिलाल : आणि मी चारचौघांत त्याला मेल्यात जमा केलं. शिव्या घातल्या. त्याची शाळेतली तसबीर भिंतीवरून काढली. एका शब्दाने चुकला नव्हता तो.

वृषाली : रडा, नाना. दार लोटून घेते मी. कुणी येणार नाही.

रतिलाल : मॅडम, हे खरोखरचं चढवायला किती वेळ लागतो?

वृषाली : चहा होईल तेवढ्यात होईल. फुकट जागा मिळते. संध्याकाळपर्यंत कुणालाही उघडता येईल, आणि शोधल्यावर सापडायला काही दिवस लागतील. पण सापडेल. नाव-गाव दोन्ही आहे.

रतिलाल : तो आकडा काढून टाका आधी. नजरेसमोर नको तो मला.

वृषाली : काढला. मजकूर? आहे तसाच ठेवू?

रतिलाल : नाही, नाही! "वाट दखी राह्यनी" कसं ठेवणार? खोटं आहे ते आता. तिथे लिहा, तुना बाप वाट दखी राह्यना. माझा नंबर टाका, मोठ्या अक्षरात. मोबाईलवर बोट लावलं की फोन लागतो ना, तसं करा.

वृषाली : केलं. हे बघा. आणि फोटो?

रतिलाल : फोटो राहू द्या. तिला बघून थांबेल तो पानावर.

वृषाली : आणि ही शेवटची ओळ? "तुनी माय गई..."

रतिलाल : ती काढा.

वृषाली : काढू? विचार करा, नाना. फोटो बघेल, ही ओळ नसेल, तर त्याला वाटेल आई आहे.

रतिलाल : आजही त्याला तेच वाटत असेल ना? कुठेतरी कामावर बसला असेल, आणि त्याच्या मनात ती असेल, ओट्यावर गहू निवडत. जगात तो एकच उरलाय, ज्याच्यासाठी कुंदा अजून जिवंत आहे.

वृषाली : पण कधीतरी सांगावं लागेलच.

रतिलाल : मी सांगीन. तोंडाने सांगीन, त्याचा हात धरून. ती ओळ काढा, बेटा. फोन येईपर्यंत असू द्या त्याला माय.