वर चिमूटभर

औषधांच्या कारखान्यातून सुटून ते दोघे चिंचवड स्टेशनच्या बाकावर बसले होते. त्यांच्यामध्ये जेवणाचा एक डबा होता, दोघांपासून अगदी सारख्या अंतरावर. शेजारच्या बाकावरच्या सुमनताई शाळेत शास्त्र शिकवत. त्यांचं लक्ष आधी त्या अंतराकडे गेलं, मग बोलण्याकडे.

"साहेब म्हणाले, रंगराव, तुम्ही प्रिसाइज आहात, पण अ‍ॅक्युरेट नाही. ही शाबासकी की शिवी, कुसुमबाई?"

"अर्धी अर्धी. तुम्ही कितीही पुड्या तोला, सगळ्या एकसारख्या भरतात. ते प्रिसाइज."

"मग चुकतंय कुठं?"

"प्रत्येकीत चिमूटभर जास्त असतं. जेवढं हवं तेवढंच भरलं, तर अ‍ॅक्युरेट."

"आमचं चाकणला किराण्याचं दुकान ना! तोलून झालं की वर चिमूटभर टाकल्याशिवाय हात थांबत नाही. गिऱ्हाईक खूश होतं."

"औषधाला खूश करायचं नसतं, रंगराव."

"सुधारेन की."

"तराजूवर सुधाराल हो. एरवीचं काय? वर्ष झालं, रोज हाच बाक, मध्ये हाच डबा आणि त्याच हवापाण्याच्या गप्पा. एकदम प्रिसाइज!"

"आणि अ‍ॅक्युरेट?"

"रविवारी मामा रहाटणीचं स्थळ घेऊन येतायत."

"असं? मुलगा चांगलाच असेल म्हणा, घरही बरं असेल, शिवाय मामांनी पाहिलंय म्हटल्यावर..."

"चिमूटभर जास्त होतंय."

लोणावळ्याची लोकल आली. सुमनताईंना तीच धरायची होती, पण त्या उठल्या नाहीत.

रंगरावांनी मधला डबा उचलून मांडीवर घेतला.

"कुसुम, मला तुझ्याशी लग्न करायचंय."