ओताऱ्याची भातुकली

आम्ही जातीचे ओतारी, कोल्हापूरकडचे. बा घंटा ओतायचा, समया ओतायचा, आन् घरात पोरगी जन्मली की उरल्यासुरल्या पितळेतनं तिला भातुकली ओतून द्यायची ही आमच्या घरची रीत, माझ्या बहिणीची अजून हाय, चूल, पातेली, इवलाले पेले, सगळं. मला दुसरं काय येत न्हाई, काय सांगू तुम्हाला, धातू वितळवायचा आन् साच्यात ओतायचा, एवढंच. तेच करत हितं आखातात, दुबईच्या वर उम्म अल कुवैनच्या बाजूला रायफल क्लबात लागलो, बारा वर्षं झाली. व्हिसावर मात्र स्टोअरकीपर लिवलंय.

मेंबरांच्या जुन्या रायफली, त्यांना बाजारातली गोळी मानवत न्हाई, म्हणून क्लबच्या लायसनवर आम्हीच बनवतो. मी शिशाची गोळी ओततो, काडतूस भरतो उस्ताद, पेशावरकडचा म्हातारा हाय. नुसतं शिसं मऊ, बंदुकीच्या नळीत चिकटून बसतं, मग त्यात कथील घालायचं, गोळी गार झाली की लोखंडी पाट्यावर टाकून ऐकायची, बद्द वाजली की परत भट्टीत, खण्ण वाजली की ठेवायची, एकेक तोलायची, मग पाच गोळ्या लांबच्या कागदावर मारायच्या आन् भोकं किती फाकली ते मोजून वहीत लिवायचं. कथील थोडं वाढव, परत पाच. वर्षानुवर्षं हेच. उस्ताद दर खेपेला म्हणणार, हबीबी, एक वक्त में एक ही चीज बदलो, नहीं तो पता कैसे चलेगा.

मग आर्या झाली, माझी पोरगी. पितळ वितळंल एवढी आमची भट्टी न्हाई, म्हणून उरलेल्या शिशातनंच ओतली भातुकली. चांदीवानी दिसायची. सुनीता, माझी बायको, म्हणली, रीत राखलीत हो. आर्या त्या पेल्यातनं लिंबूसरबत प्यायची, मला पण द्यायची, बाबा, टी, ड्रिंक इट. मी प्यायचो. लई बरं वाटायचं.

तिसऱ्या वर्षी पोट दुखायला लागलं तिचं. जेवंना. येत व्हते ते शब्द पण जायला लागले. आम्ही दूध बदललं, टँकरचं पाणी सोडून बाटल्या आणल्या, डॉक्टर बदलला, सुनीतानं नवस बोलला, सगळं एकदम. उस्तादाचं ते वाक्य रोज कानावर पडायचं, घरी एकदा पण आठवलं न्हाई बघा. नव्या डॉक्टरीणबाईनं विचारलं, फादर काय करतात. सुनीता म्हणली, स्टोअरकीपर. मी शेजारीच बसलेलो. व्हिसाची भीती, काय बोललोच न्हाई. माझं चुकलं ते तिथं.

सुट्टीत मायलेकी गावाला गेल्या, दोन महिन्यांत पोरगी खिदळायला लागली. परत आली आन् पुन्हा तेच. तवा मी वही उघडली, क्लबातली असती तसली, आन् लिवत गेलो, गावाला काय व्हतं, हितं काय हाय. बाटलीचं पाणी ती गावाला पण प्यायची. दूध पण तसलंच. न्हेली नव्हती ती एकच गोष्ट, भातुकली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईला म्हणलं, मी शिसं ओततो, रक्त तपासा. तपासलं. लई शिसं निघालं.

त्या म्हणल्या, शिसं औषधानं उतरेल, पण बोलणं किती परत येईल ते सांगता येत न्हाई. मी ओके म्हणलो. रडू आलं न्हाई, अजून येत न्हाई, आतनं सगळं बधिर झाल्यागत झालंय. काम सोडून कुठं जाणार, दुसरं काय येतं मला. आता क्लबातच आंघोळ करतो, कपडे तिथंच ठेवतो, मग घरी येतो.

भातुकली भट्टीत टाकली. तिच्या गोळ्या झाल्या, सगळ्या खण्ण वाजल्या. उस्तादानं पाच मारल्या, पाचच्या पाच एका भोकात गेल्या, असलं बारा वर्षांत झालं नव्हतं. शाबाश, म्हणला, कौनसा माल है, लिख ले. मी वही घेतली, तारीख टाकली, वजन टाकलं. मालाचा रकाना मोकळाच ठेवला.

आर्या पाच वर्षांची हाय आता. हळूहळू येतील शब्द, इन्शाल्ला, देव तिला बरी ठेवो, माझं काय न्हाई. प्लास्टिकची भातुकली आणली तर ढकलून देते. संध्याकाळी माझ्यापुढं येऊन बसते, रिकामी मूठ पुढं करते, बाबा, टी, म्हणते. तेवढं राहिलंय तिला. मी तिची मूठ तोंडाला लावतो आन् पितो.