सोनेरी करून दे, ताई

नाही, तिथं नको बसूस, तुझी सावली स्क्रीनवर पडते. इकडे ये, माझ्या डाव्या हाताला. पर्स मांडीवर घे, टेबलावर प्रिंट सुकताहेत. हं. आणि मगाशी दारातून काय म्हणालीस ते परत म्हण बघू — नाही, राहू दे, ऐकलंय मी. 'सोनेरी करून दे, ताई, त्या संध्याकाळी तळं कसं सोनेरी झालं होतं.' नव्या घरात लावायचाय, सोफ्याच्या वर, मोठा करून. सोफा कुठल्या रंगाचा घेतलास? — मातकट? मग शोभेल की सोनेरी. सोफ्याला मॅचिंग बाप.

अगं, गंमत केली. लगेच तोंड नको पाडूस. लहानपणापासून तुझं हेच, कुणी काही म्हणायच्या आत ओठ बाहेर, आणि मग सगळं घर तुझी समजूत काढायला पळतंय. इथं कुणी नाही पळणार. इथं मी एकटीच आहे आणि मला पाठदुखी आहे.

हे बघ, हा मूळ फोटो. कॅमेऱ्यातून निघाला तसा, हात न लावलेला. कुठं दिसतंय सोनेरी? पाणी राखाडी, डोंगर राखाडी, आभाळ म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. मधोमध तो सिमेंटचा बाक, बाकावर दोन पाठमोरी माणसं, एवढीएवढीशी — तू आणि बाबा, त्यांचा हात तुझ्या खांद्यावर — आणि बाजूला रिकामी चाकाची खुर्ची. ऊन नव्हतंच त्या दिवशी. तुला आठवतंय ते ऊन तू नंतर घातलंस, आपल्या घरी जाऊन, रोज थोडं थोडं. तुझा दोष नाही हं त्यात, सगळेच घालतात. माझ्याकडे शिकायला येतात ना, त्यांना मी पहिल्या दिवशी हेच सांगते — कॅमेऱ्याला काही वाटत नाही, बाळांनो, वाटतं ते आपल्याला. म्हणून फोटो पुढ्यात घेऊन बसायचं आणि स्वतःला विचारायचं, तिथं उभं असताना मला काय वाटत होतं? भीती? निवांतपणा? नुसती भूक? आणि मग रंग आणि उजेड त्या बाजूला ढकलायचा, जरासाच. नसलेलं आणायचं नाही, असलेलं पुढं करायचं.

तर आधी तुझं करू. ही पट्टी दिसते ना? डावीकडे सरकवली की थंडी, उजवीकडे सरकवली की ऊब. सरकवली. झालं पिवळं. सावल्या जरा उचलल्या, डोंगराच्या कडेनं नारिंगी ब्रश फिरवला, पाण्यावर थोडी चकाकी. हं, घे. बिस्किटाच्या डब्याचं झाकण. आवडलं? खोटं कशाला बोलतेस, आवडलंय तुला, डोळे भरले तुझे. एवढ्यानं भागतं तुझं. तुझी माया या पट्टीवर आहे बघ, उजवीकडे ओढली की आली.

थांब, प्रिंट कसली लगेच? आता माझा करते. — का म्हणजे? काढलाय कुणी? तुला काय वाटलं त्याचा फोटो हवा होता तर तुझ्या नवऱ्याला सांगायचं होतंस काढायला. पण ते गाडीत होते, नाही का, काचा वर करून, फोनवर. बाबांना गाडीतून खुर्चीत कुणी उतरवलं? मी. बाकापर्यंत खडीवरून खुर्ची कुणी ढकलली? चाकं रुतत होती, माझा श्वास लागला होता, आणि तू आपली पुढं पुढं — 'अगंबाई, काय मस्त हवा आहे!' आणि तिथं पोचल्यावर तुलाच सुचलं, खुर्चीत नको, बाकावर बसवू, म्हणजे कसं नॉर्मल वाटेल. नॉर्मल! मग मी त्यांना काखेतून धरून उचललं. उचलताना त्यांचं तोंड माझ्या मानेवर, लाळ माझ्या कुर्त्याच्या गळ्यातून आत उतरतेय, लघवीची पिशवी सांभाळायला तिसरा हात नाही. तेव्हा तू काय करत होतीस ते सांगू? त्यांची शाल नीट करत होतीस. वरून दिसतं तेवढं नीट करायला तुझा हात धरणारं कुणी नाही.

बघ इकडे. आता पट्टी डावीकडे. अजून थोडी. कसा गारठा उतरला बघ पाण्यावर. डोंगराच्या सावल्या दाबते — दाबल्या की डोंगर डोंगर राहत नाही, भिंत होते. आभाळ जड केलं. कडा काळवंडवते, म्हणजे बघणाऱ्याची नजर बाहेर पळत नाही, मधेच कोंडते. हं. हे. हे होतं त्या दिवशी. वारा कानात शिरत होता, बोटं बधिर झाली होती, आणि समोर तुम्ही दोघं असे बसलेले, जशी मी जन्मालाच आले नव्हते. — काय? — वारा म्हणाले मी. वारा फार होता.

तुला नाही कळायचं, तू तिथं राहिली नाहीस. दुसऱ्या झटक्यानंतर त्या घरात शब्द नव्हता गं. डॉक्टर म्हणाले, वाचा गेली, आता आशा धरू नका. मी दात घासून द्यायचे त्यांचे आणि सारखी बडबडायचे — आज पाव कडक निघाला, आज शेजारणीनं पुन्हा पाणी वाहू दिलं, आज एक जोडपं आलं होतं फोटोला, दोघं भांडतच — आणि ते छताकडे बघायचे. भाजी चिरताना रेडिओ लावायचे मी, घरात कुणीतरी बोलावं म्हणून. एक हुं नाही. अगदी शेवटपर्यंत हुं नाही.

माहितीये. माहितीये गं मला, तुझ्याशी बोलले. शंभरदा ऐकलंय. ते गेले त्या दिवशीही येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला धरून तू तेच सांगत होतीस, मी चहाचे कप उचलता उचलता ऐकत होते — 'माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, आलीस? बरं झालं.' आता खरं सांगू का? वाईट वाटून घेऊ नकोस. म्हणजे घे वाटून, पण ऐक. ते तुला नव्हते म्हणाले. ते सगळ्यांनाच म्हणायचे. हातापायांचा व्यायाम घ्यायला तो यायचा ना, त्याला. दुपारच्या मावशींना. गॅसवाल्याला. दार वाजलं की — आलास, बरं झालं. आलीस, बरं झालं. सवय लागली होती जिभेला. तुला ओळखलंसुद्धा नव्हतं त्यांनी त्या दिवशी. तुझ्या जागी कुणीही बसलं असतं तरी खांद्यावर हात ठेवला असता. ही अशी गोष्ट तू सोफ्याच्या वर टांगणार आहेस.

काय म्हणालीस? — हो, आत्ताच म्हणाले मी, एक हुं नाही. म्हणजे — म्हणजे बोलणं नाही, असं. तोंडातल्या तोंडात अधूनमधून. असं काय बघतेस वकिलासारखी? शब्दात पकडायला आलीयेस का मला? गॅसवाल्याला म्हणाले म्हटलं ना! — मला? मला कशाला म्हणतील? 'आलीस' हे दार उघडून येणाऱ्याला म्हणतात, धाकटे. मी कुठं गेले होते?

पुसू नकोस ते डोळे पदरानं, काजळ पसरतंय, तिथं टिश्यू आहेत, पासपोर्टवाल्यांसाठी ठेवलेत. आणि इकडे बघ, शिकून घे जरा. आता तुला काढते. ओरडू नकोस, शेजारी दुकानं आहेत. रोजचं काम आहे हे माझं, लग्नातले नको असलेले काका काढून देते मी लोकांना, कळतसुद्धा नाही. शेजारचं पाणी उचलायचं आणि माणसावर लावायचं. हे तुझं डोकं गेलं. हा तो निळा स्वेटर — गेला. केस वाऱ्यावर उडताहेत तेवढे किचकट आहेत, पण होतात. हं. बघ. तू नव्हतीसच. किती शांत झालं तळं.

हात राहिला.

बाबांचा हात. तुझ्या खांद्यावर होता, आता खांदा नाही आणि हात तसाच वर. अधांतरी. त्याच्या खाली काही भरताही येत नाही. विचित्रच दिसतोय. लांब कुणालातरी बोलावत असल्यासारखा. थांब, कोपरापासून कापून बघते —

काय?

परत बोल. — नाही, आधीचं. 'बरं झालं'च्या नंतरचं. — 'तिलाही बोलाव.' कुणाला तिला? नाव घेतलं? — मग? मग कशावरून मला? गाडीतल्या नवऱ्याला असेल तुझ्या. — 'तिला' म्हणाले. बरं. म्हणाले असतील. आणि तू काय केलंस, बसून राहिलीस ऊब घेत? — हो, वळलीस. माहितीये वळलीस ते. हात हलवलास. मी काय आंधळी होते का, कॅमेऱ्याला डोळा लावून उभी होते मी, माझ्याइतकं स्पष्ट कुणाला दिसलं नसेल. पुढच्याच फोटोत होतीस तू, तोंड इकडे, हात वर. मला वाटलं, पुरे झाले फोटो म्हणतेयस. वाटलं मला तसं! मी का यावं तिथं, मला काय बसायला जागा — होती, माहितीये होती, दिसतोय की बाक. तो फोटो नाही आता. हललेला होता. हललेले मी ठेवत नाही.

आणि तेव्हा नाही ते सांगितलंस? घरी सगळ्यांना 'आलीस, बरं झालं' सांगत फिरलीस, तेव्हा पुढचा शब्द कुठं ठेवला होतास? — विचारलं नाही मी? मी विचारायचं? — खोटं बोलतेस तू. आत्ता रचलंस, इथं बसून, हा हात बघून. मला बरं वाटावं म्हणून. नाही, मला बरं वाटावं म्हणूनही नाही, मी तो फोटो सोनेरी करून द्यावा म्हणून. गेलेल्या माणसाच्या तोंडात शब्द कोंबतेस आणि वर रडतेस! शपथ घेऊ नकोस. तुझ्या शपथा मला ठाऊक आहेत. मला हात लावू नकोस म्हटलं ना.

मूळ फोटो? तसाच दे म्हणतेस, राखाडी, न रंगवता? आता राखाडीही चालेल का? हा बघ मूळ फोटो. नीट बघून घे. तू, बाबा, खांदा, हात, सगळं आहे. बघितलंस? हे इथं दाबलं. 'कायमचं काढून टाकायचं का,' विचारतंय. किती सभ्य यंत्र आहे बघ, दोनदा विचारतं. — हो.

गेला.

कार्डावर कुठला असायला, कार्ड कधीच पुसलं. आता तुझ्याकडे तुझी आठवण आहे आणि माझ्याकडे माझी, दोघींना सारखंच मिळालं. नको, हा दुसराही मी देणार नाहीये. हा असा अर्धवट कुणी भिंतीवर लावतं का? तो मी बंद करते — नाही, राहू दे उघडा, बघते मी त्या हाताचं काय करायचं ते.

या, या ना काकू! उघडंच आहे, आत या. पासपोर्टचा ना? मग केस कानांच्या मागं घ्या, आरसा आहे तिथं. — ऊठ गं, काकूंना बसू दे. — ही? छे, कुणी नाही, फोटो करून घ्यायला आली होती, झालं तिचं काम. दार नीट ओढून घे जाताना, धूळ येते. — हं काकू, हनुवटी जराशी वर. इकडे बघा, माझ्याकडे. हसू नका.