कोड आवळला अन् नाव गेलं

मला इचारलं का कुणी, तुमीच सांगा... नाव माझं, अन् पुसून टाकलं माझ्याच नातीनं, मी अंगणात लोकर पिंजत बसलेली असताना. वृषाली आमची, जुन्नरला कॉम्पुटर शिकती, भीमाशंकरच्या रोडला आमी घोंगड्या इकतो त्याची तिनं वेबसाइट काढली. आत कोड असतो म्हणे, त्यातल्या एकेका कामाला नाव द्यावं लागतं, तर तिनं घरच्याच माणसांची दिली. फोटो फिरवायचं काम हिराचं, म्हंजे माझं. दर सांगायचं म्हाळसाबाईचं, ती माझी थोरली जाऊ, घासाघिशीत लई पक्की. बोट लावून दाखवलं, "आजी, ही तू." इंग्रजीत व्हतं, पर पहिलं अक्षर खुर्चीवानी, एवढं मी ध्यानात ठेवलं अन् साऱ्या आळीत सांगून आले.

म्हाळसाबाई ओझरास्नं येष्टीनं आली, संगं दोन बायका, आपलं नाव बघायला. मी तोऱ्यात म्हणलं, "दाखव गं." तर उघडल्यावर काय... ओळी न्हाईत, मोकळी जागा न्हाई, घट्ट इणल्यावानी अक्षराला अक्षर चिकटलेलं. खुर्ची हुडकून डोळे दुखले माझे.

"आजी, डोंगरात रेंज नसती, पान उघडस्तवर गिऱ्हाईक पळतं. म्हणून लायब्ररी वापरली."

लायब्ररी म्हंजे पुस्तकं न्हाईत बरं का, दुसऱ्यानं लिहून ठेवलेला तयार कोड, त्यो आपला कोड आवळतो. रंगरूपाच्या साऱ्या फायली एकात, हालचालीच्या साऱ्या एकात, अन् लांब नावं मोडून एकेक अक्षर. "मशीनला कळतं गं तेवढ्यात." मशीनला कळतं, म्हाळसाबाईला कसं कळावं? अन् मला इचारलं का कुणी?

"मग मी कोण आता?"

"तू टी."

"अन् मी गं?" जाऊ म्हणली.

"तुमी ए, मोठ्या आजी."

झालं. म्हाळसाबाईनं पदर सावरला, बायकांना म्हणती, "पहिलं अक्षर हाय ते. थोरलीचा मान." अन् मी कुठल्या कुठं मागं. माहेरी मी शीला, लग्नात तांदळावर हिरा लिहिलं, तवाबी मला इचारलं व्हतं का कुणी? पर ते परक्यांनी केलं. हिच्या तर वेण्या घातल्यात मी...

"मूळची फाइल हाय की माझ्यापाशी, नावासकट. लोकांना आवळलेली जाती." म्हंजे नाव हाय, पर कुणी बघायचं न्हाई. वाईट ह्याचं वाटतं, की पान खरंच चटकन उघडाया लागलं, भांडायला जागाच ठेवली न्हाई पोरीनं.

आमच्या मालकांचं बी नाव व्हतं त्यात, पान खाली सरकवायला, त्यांचं 'एम' झालं. ह्यांचं नाव मी उखाण्याबिगर उभ्या जन्मात घेतलं न्हाई, आमच्यात घेत न्हाईत. पर एम म्हणायला कसली आडकाठी? काल मारली हाक, "अहो एम, च्या निवतोय." ओ दिली न्हाई त्यांनी. त्यांना तरी कुठं इचारलं व्हतं कुणी.