रिपोर्टच्या आधी

भंडाऱ्याच्या दवाखान्यात ताराबाई बीपीच्या गोळ्यांसाठी बाकावर बसल्या होत्या. शेजारी एक तरुण बसला होता, दुसरा त्याच्यासमोर उभा राहून विचारत होता.

"प्रितम, नशेची पावडर सोडून चाळीस दिवस झाले ना?"

"हो. पण काल लई मन झालं, निकेश."

"मंग?"

"समुपदेशनाच्या मॅडमनं शिकवलं तसं केलं. फोन बंद केला अन् वैनगंगेपर्यंत चालत गेलो."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तू सोडून जाशील असं वाटलं. अन् आज एचआयव्हीचा रिपोर्ट..."

"खराब आला त तू दवा घेशील. मले होऊ नये म्हून मी रोज गोळी घेतोच ना?"

"अन् आपण?"

"सहा वर्षं जसे संगं राहिलो, तसेच राहू."

ताराबाई थैली मांडीवर घेऊन सरकल्या.

"बस बापू, त्याच्याजवळ बस. रिपोर्ट येईपर्यंत उभा नको राहू."